रुमाल आणि माईक

यंदाचा अंक ‘आवाज’ या विषयावर आहे, असं संपादकांनी कळवलं. गायकांवर, वक्त्यांवर, निवेदकांवर लिहिणारे पुष्कळ असतील, मी इतिहासकारांवर लिहितो, असं मी त्यांना सांगितलं आणि कोल्हापूर गाठलं. इतिहासाचा प्राध्यापक वर्गाबाहेर येऊन हजारो लोकांशी बोलू लागतो तेव्हा काय घडतं, हे पाहायला महाराष्ट्रात या शहराइतकी चांगली जागा नाही.

संध्याकाळी दसरा चौकात उभं राहिलं की हे पटतं. मधोमध राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. महाराजांनी वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहांपैकी काही याच चौकाच्या अंगाला आहेत. एका बाजूला शहाजी छत्रपती महाविद्यालय आहे आणि हाकेच्या अंतरावर शाहू स्मारक भवन. भवनात इतिहासाचं व्याख्यान असलं की निवृत्त शिक्षक लवकर येऊन पुढच्या रांगा धरतात, स्पर्धा परीक्षेची मुलं वह्या उघडून बसतात आणि उशिरा आलेले कार्यकर्ते दाराशी उभे राहून ऐकतात. व्याख्यान संपतं तेव्हा खरी गंमत सुरू होते. व्यासपीठाकडे चिठ्ठ्या जाऊ लागतात. ताराबाईंचा हक्क खरा की सातारच्या शाहूंचा? वेदोक्ताच्या प्रकरणात पंचगंगेच्या घाटावर काय झालं? अमुक सिनेमात दाखवलं ते घडलं होतं का? आणि वक्ता जाणता असेल तर काही चिठ्ठ्यांना एकच उत्तर मिळतं, की याला समकालीन कागद अजून सापडलेला नाही. सभागृह ते उत्तर शांतपणे ऐकून घेतं. टाळ्या मिळवून देणारं उत्तर हाताशी असताना असं उत्तर देणं ही इथल्या अभ्यासकांची जुनी शिस्त आहे. ती कशी घडली हे मला पाहायचं होतं.

मुलतानचा प्राचार्य आणि डचांचे कागद

भवानी मंडपाशेजारी आज मेन राजाराम हायस्कूल भरतं, ती दगडी इमारत पूर्वी राजाराम कॉलेजची होती. १८८० साली सुरू झालेल्या या कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखले शिकले. १९२२ साली तिथे प्राचार्य म्हणून डॉ. बाळकृष्ण आले. ते मूळचे मुलतानकडचे, पंजाबी, आर्यसमाजी आणि गुरुकुल कांगडीत अध्यापन केलेले. शाहू महाराजांनी कॉलेजचा कारभार आर्य समाजाकडे सोपवला होता, त्या ओघात ते कोल्हापूरला आले आणि १९४० साली मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले.

त्यांचा लंडन विद्यापीठातला अभ्यास भारत आणि इंग्लंड यांच्या व्यापारी संबंधांचा होता. व्यापारी कंपन्यांच्या वह्या कशा वाचायच्या, हे त्यांना ठाऊक होतं. कोल्हापुरात बसून ते शिवचरित्राकडे वळले तेव्हा हीच विद्या कामी आली. ‘शिवाजी द ग्रेट’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३२ ते १९४० या काळात चार भागांत निघाला आणि त्यासाठी त्यांनी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या दफ्तरातली कागदपत्रं मिळवली. डचांची वखार वेंगुर्ल्याला होती. मराठ्यांचं सैन्य कुठवर आलं, कोणतं बंदर कोणाच्या ताब्यात गेलं, आपला माल सुरक्षित आहे की नाही, याची खबर वखारवाले वरिष्ठांना पाठवत. त्यांना शिवाजी महाराजांची स्तुती करायची नव्हती की निंदा. त्यांचा स्वार्थ मालात अडकलेला होता आणि तो उघड होता. साक्षीदाराचा स्वार्थ कळला की त्याच्या साक्षीचं वजन ठरवता येतं. बखरी आणि पोवाडे यांच्या जोडीला असा परका, हिशेबी साक्षीदार उभा करणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती, आणि ती एका संस्थानी गावातल्या कॉलेजच्या प्राचार्यांनी केली.

त्याच कॉलेजात कन्नड शिकवणारे प्रा. के. जी. कुंदणगार उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थानातले शिलालेख वाचत होते. १९३९ साली त्यांचं शिलालेखांवरचं पुस्तक निघालं. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडाकडेही त्यांचं लक्ष गेलं. पुढे १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. ब्रह्मपुरीत मिळालेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आहे. तिच्यासमोर उभं राहिलं की दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीचे घाट चढून परदेशी माल या नदीकाठी येत होता, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शाळेच्या सहलीतली मुलं या मूर्तीपुढून झरझर निघून जातात. त्यांना थांबवून ‘हा देव इथे कसा आला?’ एवढाच प्रश्न विचारणारा कुणी तिथे असायला हवा, असं मनापासून वाटलं.

रुमाल सोडल्यावर

जुने कागद ज्या कापडी बासनात बांधून ठेवलेले असतात त्याला दफ्तरखान्यात रुमाल म्हणतात. गाठ सोडली की आधी धूळ उडते, मग कसरीनं केलेली भोकं दिसतात आणि मग मोडी. लिहिणाऱ्यानं आधी कागदावर आडवी रेघ ओढलेली असते आणि बोरूनं अक्षरं त्या रेघेला टांगत नेलेली असतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. वाक्य कुठे संपलं हे अर्थावरून ओळखायचं. नेहमीचा मायना पटकन वाचून होतो, पण गाव, वाडी आणि माणूस यांची नावं आली की वाचणारा अडतो, कारण नावाला संदर्भाचा आधार मिळत नाही. तेवढ्यासाठी नकाशा, जुने पाहणीखर्डे आणि त्या मुलखातल्या वतनदार घराण्यांची माहिती हाताशी लागते.

नंतर तारीख. शिवकालीन आणि पुढच्या कागदांवर बहुधा शुहूर सन असतं आणि ते अरबी संख्यावाचकांत लिहिलेलं असतं. ‘इहिदे मया अलफ’ म्हणजे एक, शंभर आणि हजार मिळून ११०१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७००. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांसाठी ६०० मिळवायचे. महिना मोहरम, सफर, रमजान असा चांद्र. हा सगळा हिशेब जमल्यावर एक तारीख हाती येते. एक तारीख चुकली की आधीचं पत्र नंतरचं ठरतं आणि कारण व परिणाम यांची अदलाबदल होते.

११०१ हेच उदाहरण घेण्याला कारण आहे. ते वर्ष सुरू होण्याच्या थोडं आधी, मार्च १७०० मध्ये, छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर वारले. औरंगजेब स्वतः सैन्य घेऊन किल्ल्यांमागून किल्ले घेत होता. अशा वेळी पंचविशीतल्या ताराबाईंनी मुलाच्या नावानं कारभार हाती घेतला आणि १७०७ साली औरंगजेब मरेपर्यंत तो चालवला. कावळा नाक्यावरचा त्यांचा घोड्यावरचा पुतळा सगळ्या कोल्हापूरला ठाऊक आहे. पण पुतळा रणरागिणीचा असतो. राज्य कसं चाललं ते कागद सांगतात.

ते कागद छापण्याचं काम डॉ. आप्पासाहेब पवारांनी हाती घेतलं. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि आप्पासाहेब पहिले कुलगुरू झाले. १९७५ पर्यंत ते त्या पदावर होते. सागरमाळाच्या उजाड माळावर इमारती, रस्ते, झाडं, पाणी असं सगळं उभं करायचं होतं. ते करत असतानाच या इतिहासकारानं ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’चे खंड संपादित केले आणि विद्यापीठानं ते प्रसिद्ध केले. करवीरच्या जिजाबाईंच्या कारकिर्दीच्या कागदपत्रांचंही संपादन त्यांनी केलं.

असे खंड कुणी गोष्टीसारखे वाचत नाही. वतनं पुढे चालवल्याच्या सनदा, देसाई-देशमुखांना दिलेली अभयपत्रं, किल्ल्यांच्या बंदोबस्ताच्या आज्ञा, इनामांचे तंटे, अशी पानंच्या पानं चालतात. वाचणारा मात्र पन्नास-साठ पानांत एका विचारापाशी पोचतो. मोगल मुलखात असताना वतनदारांना आपल्या बाजूला धरून ठेवणं हीच ताराबाईंची मोठी लढाई होती. तलवारीची लढाई तिच्या आधारावर उभी होती. हा विचार कुठल्याही एका पत्रात लिहिलेला नाही. तो शेकडो पत्रं तारीखवार लावल्यावर दिसतो. कुलगुरूच्या कामाच्या गर्दीत आप्पासाहेबांनी यासाठी वेळ काढला, म्हणून पुढच्या पिढीतल्या वक्त्यांना ताराबाईंवर तासभर बोलता आलं.

त्यांच्या आयुष्यात सार्वजनिक वाद आले नाहीत असं नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा निर्णय करण्यासाठी राज्य शासनानं १९६६ साली नेमलेल्या समितीत दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, न. र. फाटक यांच्याबरोबर आप्पासाहेबही होते. एकीकडे बखरींतून रूढ झालेलं १६२७ हे साल, दुसरीकडे जेधे शकावलीतला शके १५५१चा फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०चा दाखला. समितीचं एकमत झालं नाही. शासनानं १९ फेब्रुवारी अधिकृत मानली ती पुष्कळ वर्षांनी. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली होती हे लक्षात घेतलं, तर कागद छापून होणं आणि तो लोकांनी मान्य करणं यांत किती काळ जातो, याची कल्पना येते.

हुकुमातला पुढचा मजकूर

कोल्हापुरात कुणालाही विचारा, शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे तो सांगेल. भाषणांत ते रोज येतं. त्या हुकुमात पुढे काय आहे ते मात्र क्वचित सांगितलं जातं, आणि माझ्या मते महाराजांची राज्यकर्ता म्हणून थोरवी तिथेच आहे.

हुकूम निघाला तेव्हा महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. करवीर सरकारच्या गॅझेटात तो प्रसिद्ध झाला. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीच्यांना मागासलेले समजावं, असं त्यात ठरवून दिलं होतं. ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गाचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथली पुढची रिकामी जागा त्या वर्गातल्याच माणसाला द्यायची होती. आणि हुकूम निघाल्यानंतर ज्या नेमणुका झाल्या त्यांचं विवरण प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी पाठवायचं होतं. या शेवटच्या अटीत सगळं आलं. नुसती इच्छा जाहीर करून राजा थांबला असता तर कारकुनांनी तो कागद फाईलला लावून टाकला असता. तिमाही विवरण मागितलं की खातेप्रमुखाला हिशेब द्यावाच लागतो. आज शासनाच्या योजना कुठे अडतात हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या अटीचं मोल वेगळं सांगायला नको.

हे सांगता येतं ते शाहू दफ्तर टिकलं म्हणून आणि छापलं गेलं म्हणून. अण्णासाहेब लठ्ठ्यांनी १९२४ साली, महाराजांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलं. धनंजय कीरांचं इंग्रजी चरित्र १९७६ सालचं. पण मूळ कागद अभ्यासकांच्या हाती पडू लागले ते ‘राजर्षी शाहू छत्रपती पेपर्स’मुळे. पहिला खंड आप्पासाहेबांनी १९७८ साली काढला. १९८१ साली ते गेले आणि पुढचे खंड विलास संगवे व बी. डी. खणे यांनी नेटानं पूर्ण करत नेले. एकानं सुरू केलेलं काम दुसऱ्यानं त्याच पद्धतीनं पुढे नेणं ही आपल्याकडे सहज न दिसणारी गोष्ट इथे घडली.

त्या कागदांना लोकांपर्यंत नेण्याचं काम डॉ. जयसिंगराव पवारांनी केलं. शहाजी छत्रपती महाविद्यालयात ते इतिहास शिकवत. ताराबाई आणि सेनापती संताजी घोरपडे यांच्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली, संभाजी महाराजांवरचा स्मारक ग्रंथ संपादित केला. महाराष्ट्र इतिहास प्रबोधिनी ही संस्था उभी करून २००१ साली त्यांनी ‘राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ’ सिद्ध केला. त्यांनी लिहिलेल्या शाहूचरित्राची भारतातल्या आणि परदेशांतल्या अनेक भाषांत भाषांतरं झाली. त्यांच्या पुस्तकांची बांधणी पाहिली की वर्गात शिकवणाऱ्याचा हात लगेच ओळखू येतो. आधी प्रसंग, मग पेच, मग कागद, मग निष्कर्ष. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला कळेल अशी भाषा, आणि शंका घेणाऱ्यासाठी कागदाचा पत्ता. सभेत बोलतानाही तोच क्रम ठेवता येतो. लिहिणं आणि बोलणं यांत त्यांनी अंतर पडू दिलं नाही, हे त्यांच्या कामाचं मर्म.

पडद्यावरचा संभाजी

कोल्हापूरच्या इतिहासकारांना शहरातच एक बलवान सोबती होता, तो म्हणजे सिनेमा. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ केला. भालजी पेंढारकरांनी ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) असे चित्रपट देऊन मावळा कसा चालतो, मुजरा कसा करतो, किल्लेदार कसा बोलतो, हे सगळं मराठी मनात पक्कं करून टाकलं. दफ्तरात न गेलेल्या लाखो माणसांना शिवकाळ भालजींनी दाखवला. त्यामागची श्रद्धा खरी होती.

पण पडदा एखादी चूकही तितक्याच ताकदीनं पक्की करतो. भालजींच्याच १९४१ सालच्या ‘थोरातांची कमळा’तून संभाजी आणि कमळा यांची प्रेमकथा घराघरांत गेली. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’नं भोगात रमलेला संभाजी आधीच रंगभूमीवर आणला होता. प्रेक्षकांच्या दोन पिढ्या यावर वाढल्या. हे चित्र बदलायला वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची चार दशकं घातली. देशीविदेशी दफ्तरं धुंडाळून त्यांनी १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. नऊ वर्षं चार आघाड्यांवर लढलेला, संस्कृत जाणणारा राजा कागदांतून उभा राहिला.

मग तो पुन्हा लोकांत गेला, आणि त्याला नेणारा माणूसही कोल्हापूर जिल्ह्यातला. आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात शिक्षक होते. त्यांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ साली आली. २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका घरोघरी पाहिली गेली आणि २०२५ साली ‘छावा’वरून हिंदी चित्रपट झाला. बेंद्र्यांच्या वाचकांची संख्या हजारांत मोजावी लागेल. त्यांनी दुरुस्त केलेला संभाजी आज कोट्यवधींना ठाऊक आहे. संशोधक, कादंबरीकार, मालिका, सिनेमा अशी ही वाट साठ वर्षांची झाली. दर टप्प्यावर थोडा पुरावा गळतो आणि थोडी कल्पना मिसळते. म्हणून या वाटेच्या शेवटीही इतिहासकार हवाच. सिनेमा पाहून आलेल्या मुलानं ‘हे खरं का?’ असं विचारलं तर त्याला उत्तर देणारा कुणीतरी हवा.

पंधरा मिनिटांचं भाषण

आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं आणि कोल्हापूर-सांगलीच्या प्राध्यापकांना श्रोत्यांचा नवा वर्ग मिळाला. पुढे कोल्हापूरलाही एफएम केंद्र आलं. रेडिओवरच्या भाषणाची शिस्त प्राध्यापकाला नव्यानं शिकावी लागते. विषय ठरतो, करारपत्र येतं, संहिता आधी लिहून द्यावी लागते. पंधरा मिनिटांत साधारण दीड हजार शब्द बसतात. वर्गात पाऊण तास बोलणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कात्री लावावी लागते ती तारखांना आणि नावांना. ऐकणारा मागचं पान उलटून पाहू शकत नाही, म्हणून एका भाषणात तीनच्या वर नवी नावं घालायची नाहीत. वाक्यं छोटी ठेवायची. पानं एका बाजूनंच लिहायची आणि पिन काढून ठेवायची, नाहीतर कागदाची सळसळ माईकमधून ऐकू जाते. लाल दिवा लागला की समोर चेहरे नसतात. गोठ्यात धार काढणारा, चुलीपुढे बसलेली, दुकान उघडणारा, अशा सगळ्यांशी एकदम बोलायचं असतं.

या शिस्तीचं जगातलं एक सुंदर उदाहरण आयर्लंडचं आहे. तो देश लहान आणि त्याचा इतिहास जखमांनी भरलेला. गाण्यागाण्यात इतिहास आणि प्रत्येक कुटुंबाची त्यात एक बाजू. १९५३ साली तिथल्या रेडिओनं टॉमस डेव्हिस व्याख्यानं सुरू केली. विद्यापीठातले अभ्यासक अर्ध्या तासात आपलं संशोधन सर्वसामान्यांना सांगत. १९१६च्या ईस्टर उठावाला पन्नास वर्षं झाली त्या १९६६ साली, देशभर गौरवाचे सोहळे चालू असताना, टी. डब्ल्यू. मूडी आणि एफ. एक्स. मार्टिन या दोन प्राध्यापकांनी दूरचित्रवाणीवर एकवीस व्याख्यानांची मालिका उभी केली. प्रागैतिहासिक काळापासून आजपर्यंतचा आयर्लंड, प्रत्येक काळावर त्या काळाचा तज्ज्ञ. पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं आणि नंतरच्या पिढ्या त्यावर वाढल्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आयुष्य घालवलेल्या मूडींनी १९७७ साली आयरिश इतिहास आणि आयरिश दंतकथा यांच्या नात्यावर भाषण दिलं. समाजाला जी दंतकथा प्रिय असते ती पुराव्यावर तपासून घेणं हे इतिहासकाराचं समाजऋण आहे, असा त्यांच्या साऱ्या कामाचा रोख होता. डॉ. बाळकृष्ण किंवा आप्पासाहेब यांना हा माणूस घरचा वाटला असता.

आपल्याकडे अशी मालिका झाली नाही. करवीर संस्थानाच्या उभारणीपासून राधानगरी धरणापर्यंतच्या इतिहासावर एकवीस भाषणं देऊ शकतील इतके अभ्यासक पश्चिम महाराष्ट्रात नक्की आहेत. त्यांना एकत्र बसवून, क्रम लावून, ध्वनिमुद्रित करून, पुस्तक काढण्याचं काम विद्यापीठ आणि आकाशवाणी यांनी मिळून करायला हवं. खर्च एखाद्या मिरवणुकीएवढाही येणार नाही.

बोलण्याची किंमत

कोल्हापुरात मालिकेची उणीव व्याख्यानमालांनी भरून काढली. १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरापासून गावोगावच्या मंडळांपर्यंत व्याख्यानांची परंपरा आहे. तिच्यातून निघालेलं सर्वांत गाजलेलं पुस्तक कॉम्रेड गोविंद पानसरे यांचं. ते पेशानं वकील होते. १९८७ साली केलेल्या भाषणातून ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका तयार झाली आणि १९८८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या प्रती लाखांत खपल्या. पानसऱ्यांनी नवे कागद शोधले नव्हते. संशोधकांनी छापलेल्या साधनांतून रयतेच्या पिकाच्या काडीलाही हात न लावण्याची ताकीद देणारा राजा त्यांनी उचलला आणि कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या सभेत ठेवला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून येताना त्यांच्यावर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ‘छावा’ चित्रपटातल्या इतिहासाबद्दल बोलल्यावर कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांना फोनवरून धमकी आली आणि शहरात गुन्हा नोंदवला गेला. या दोन घटना सारख्या नाहीत. पण इतिहासावर जाहीर बोलणाऱ्याला आज काय गृहीत धरावं लागतं हे दोन्हींतून कळतं. तरी शाहू स्मारक भवनात खुर्च्या भरतात, चिठ्ठ्या येतात आणि उत्तरं दिली जातात. हे धैर्य नुसतं वक्त्याचं नसतं. ऐकायला येऊन बसणाऱ्या प्रत्येकाचाही त्यात वाटा असतो.

पुढचा वाचक कोण?

आता माईक प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईलवर मिनिटभराचे इतिहासाचे तुकडे दिवसरात्र फिरतात. पार्श्वसंगीत चढं, आवाज चढा आणि कागदाचा पत्ता कुठेच नाही. वृत्तवाहिनीवर वाद पेटला की प्राध्यापकाला जेमतेम मिनिटभर मिळतं. शुहूर सन समजावून सांगायलाही ते पुरत नाही. म्हणून अभ्यासकांनी या माध्यमांकडे पाठ फिरवावी, हे मला पटत नाही. पाठ फिरवली की ती जागा दुसरा कुणी लगेच घेतो, आणि त्यानं रुमाल कधी पाहिलेलाही नसतो.

काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. बोलणारे वाढले आणि मोडी वाचणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. मोडीचे वर्ग निघतात, मुलं उत्साहानं मुळाक्षरं शिकतात, प्रमाणपत्र घेतात आणि सराव सुटतो. मुळाक्षरांपासून अस्सल कागद सरळ वाचण्यापर्यंत काही वर्षांची मेहनत आहे आणि त्या वर्षांत पोट भरेल अशी सोय नाही. कागदांच्या प्रतिमा संगणकावर चढवणं आवश्यक आहे, पण प्रतिमा वाचायलाही माणूसच लागतो. न वाचलेला कागद रुमालात असो वा पडद्यावर, तो सारखाच मुका.

बाळकृष्ण, आप्पासाहेब, संगवे, खणे आणि जयसिंगराव ही साखळी नोकरीच्या चौकटीतच घडली. कॉलेजनं पगार दिला, विद्यापीठानं खंड छापले, शहरानं ऐकून घेतलं. आज इतिहास विभागांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि तासिकेवर शिकवणारा तरुण तीन कॉलेजांत धावतो. तो दफ्तरात कधी बसणार? महाराजांच्या नावानं दर वर्षी होणाऱ्या सोहळ्यांच्या खर्चातला लहानसा वाटा बाजूला काढला, तरी जिल्ह्यातल्या दोन-चार मुलामुलींना पाच वर्षं मोडी आणि फारसी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देता येईल. कुठल्याही पुतळ्यापेक्षा हे काम शाहू महाराजांच्या स्वभावाला धरून होईल, कारण त्यांनी आयुष्यभर शिकणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवणाचीच सोय केली.

आणि ती सोय झाली की तिमाही विवरण मागायचं. किती रुमाल सोडले, किती कागद वाचले, किती छापले आणि त्यावर किती ठिकाणी बोललात, याचं. १९०२ साली या शहरानं ती पद्धत घालून दिली आहे. आता तिचा उपयोग इतिहासासाठी करायचा आहे.